दोन्ही बाह्या एकाच हाताच्या

हॅलो?… हॅलो, ऐकता का… मी शीतल बोलून राह्यले… कोन? आत्याबाई? अहो, ह्यांचा फोन तुमच्या हातात कसा काय?

…चार्जिंगला लावून गेले. अन् तुमचे लेक सोता कुठं गेले?… शेतात. कवा?… मघाशीच.

…न्हाई, मी बरी हाय. पोरगी शाळेत गेली. हो, डबा नेला, सगळं नेलं. आत्याबाई, आधी मला हे सांगा, ते शेतात कशाला गेले?… कुठं? विहिरीत? विहिरीत उतरायला गेले?

…न्हाई हो, काही झालं न्हाई. मी कुठं ओरडून राह्यले? आवाजच असा हाय माझा.

बरं, शेताला लाईट देनारी ती डीपी बसली का नवी?… सकाळीच बसवली. चला, नऊ दिवसांनी का व्हईना. अन् लाईट कवा सोडनार म्हनले?… साडेबाराला. कोन म्हनलं, लाइनमन?… साडेबाराला बराबर?… "साडेबाराच्या आसपास." आसपास म्हंजी आधी का नंतर?… हो, तुम्हाला कसं ठावं असनार. खरंय तुमचं.

…माझ्या घड्याळात बारा वाजून चार मिन्टं झालीत.

आत्याबाई, एक काम करा. तुम्ही आत्ताच्या आत्ता शेतात जा अन् ह्यांना विहिरीतून वर बोलवा.

…कामून म्हंजी… काम हाय माझं. जल्दीचं काम हाय… न्हाई, जेवायला येईपर्यंत थांबता यायचं न्हाई… भाकरी टाकून राह्यल्या? तवा उतरवा खाली… अहो, कच्ची तर कच्ची, ऱ्हाऊ द्या तशीच!

…काय काम ते?… बँकेचं हाय. ते… ओटीपी येनार हाय ह्यांच्या फोनवर, तो मला सांगायचाय.

…हो. फोन तुमच्याच हातात हाय. ओटीपी तिथंच येईल. बराबर हाय.

…

आत्याबाई, मी खोटं बोलले आत्ता. कसला ओटीपी न् कसलं काय. खरं सांगते, फक्त मला आत्ता बोलू नका, नंतर पायजे तेवढं बोला. ते मशीन हाय ना… मी केलेलं… मोटरचं ऑटो, लाईट आली का दोन मिन्टांनी मोटर आपोआप चालू करनारं, रविवारी जाफराबादहून आल्ते तवा आम्ही दोघांनी स्टार्टरच्या पेटीत बसवलं ते. ते चुकलंय. माझ्या हातून चुकलं.

…न्हाई, बंद न्हाई पडलं. बंद पडलं असतं तर मी देवाला नारळ फोडला असता. उलटं झालंय ते. बटन बंद केलं की मोटर चालू व्हते.

…हो. बंद केलं की चालू. आता ते बटन बंद करूनच उतरले असतील ना? …केलंच असनार. मीच सांगितलं तसं करायला. अन् वरून लाईट आली की मोटर उचलनार, अन् हे कंबरंएवढ्या पान्यात मोटरीलाच हात लावून उभे. त्या केबलला किती जोड हायत ते मी सांगायला पायजे का तुम्हाला?

…हॅलो?

…हॅलो, आत्याबाई? कुठं गेल्या? …हां. निघाल्या? …कुलूप ऱ्हाऊ द्या. कोन काय नेतंय, कच्ची भाकर? …चप्पल घातली का? न्हाई, आधी चप्पल घाला. काट्यासाठी न्हाई म्हनत, करंटासाठी म्हनून राह्यले. …हां. अन् फोन कट करू नका. कानाला लावून चाला. मला तुमचा आवाज येऊ द्या.

…लाइनमनला लावला की. तुमच्या आधी तीनदा लावला. उचलतच न्हाई तो. खांबावर असंल, न्हाईतर जेवत असंल… भारतभावजींना लावू का? त्यांचं शेत तर लागूनच हाय… लग्नाला गेले? समदे? म्हंजी बांधावर दुसरं कोनीच न्हाई.

…

चाला तुम्ही. मी बोलत न्हाई, तुम्ही चाला… दम लागून राह्यला का?… हळू न्हाई ओ, हळू नका चालू. जल्दी चाला, पन पडू नका.

…कोन?… अहो ताई, या, बसा… न्हाई, तुमचा ब्लाऊज न्हाई झाला. उद्या. …हो, मला ठावं हाय आजचं कबूल केल्तं. उद्या सकाळी. आज न्हाई जमनार, माफ करा, घरची गडबड हाय. …अस्तर बराबर लावते, हो. या.

…तुम्हाला न्हाई आत्याबाई, गिऱ्हाईक आल्तं. गेलं. कुठपर्यंत आल्या?… मारुतीच्या पारापाशी. बरं. बारा नऊ झाले.

…

बोला. बोला म्हनलं. तुम्ही मनात ठेवून चालल्या का मला अजून भ्या वाटतं.

…हो. म्हनल्या व्हत्या तुम्ही. शिलाईचं मशीन बरं चाललंय, पोटापुरतं मिळतंय, कशाला तो लॅपटॉप घेती म्हनून. म्हनल्या व्हत्या… हो. बाईनं करंटाच्या नादी लागू नये हेबी म्हनल्या व्हत्या… न्हाई, मी कुठं उलटून बोलून राह्यले. आज बोलायला तोंड न्हाई मला.

…मला कसं कळलं म्हंजी? आत्ताच कळलं. घंटा न्हाई झाला. तसाच दुसरा बोर्ड करत व्हते, जोडून झाला, म्हनलं चला, ह्याला बल्ब लावून पाहू. बटन बंद केलं, अन् बल्ब लागला. मला वाटलं माझंच काही चुकून राह्यलं. परत केलं. परत लागला. चार येळा केलं, आत्याबाई. चारीबी येळा बंद केल्यावर लागला.

…पहिल्याला न्हाई लावला बल्ब. तीच तर चूक. त्याला नुसतं बॅटरीवर पाह्यलं. आतून टक् असा आवाज आला, लाल दिवा पेटला, म्हनलं झालं. इतका आनंद झाल्ता मला की पुढं काही पाहू वाटलं न्हाई. हे म्हनले, चल रविवारी बसवू. तवा डीपी जळालेली, लाईटच न्हाई, मंग तिथं तरी चालवून कसं पाहनार? बसवलं अन् आले मी.

…किकॅड. किकॅड नाव हाय त्या लॅपटॉपातल्या प्रोग्रामचं. न्हाई, त्यानं न्हाई फसवलं. फुकटचं हाय म्हनून वाईट हाय असं न्हाई ते. त्यात आपन वायरींचा नकाशा काढायचा, मंग त्याला विचारायचं, बाबा काही चुकलं का. तो म्हनला, शून्य चुका. अन् बराबरच म्हनला. नकाशा काढोस्तोवर काहीच चुकलं नव्हतं. चुकलं ते इस्त्रीपाशी.

…हो, माझी दुकानातलीच इस्त्री. कोळशाची न्हाई हो, लाईटवरची, जड. सांगू का? तुम्ही चालत असाल तर सांगते. का गप बसू?… सांगते. सांगितलं म्हंजी मलाबी बरं वाटंल.

तो नकाशा गुळगुळीत कागदावर छापायचा. मंग तांब्याच्या पत्र्यावर पालथा घालायचा अन् वरून गरम इस्त्री दाबायची. कागदावरचा रंग पत्र्यावर उतरतो. समजलं?… हां, कापडावर नक्षी उठवतात ना, तसंच. आता पालथा घातला म्हंजी तो आपोआप उलटा झाला ना? झाला. तेवढंच पायजे व्हतं. पन छापायच्या आधी तो कॉम्प्युटर विचारतो, आरशातल्यासारखं उलटं छापू का? मी म्हनलं, छाप.

…कामून म्हनलं? सवय, आत्याबाई. अठरा वर्षं झाली, कापड उलट्या बाजूनंच आखते मी. खडू कधी सुलट्या बाजूला लावला न्हाई. मला वाटलं तांबं म्हंजी बोर्डाची उलटी बाजू, तर मंग उलटंच छापायला पायजे. ते इस्त्रीनं उलटनारच हाय हे डोक्यातच आलं न्हाई. दोनदा उलटवलं मी.

…बसले ना! समदे पार्ट बसले! म्हनून तर कळलं न्हाई. ती रिले, मोटर चालू-बंद करनारी डबी, तिचे पाय असे हायत की उलट्या बोर्डावरबी बराबर जाऊन बसतात, फक्त चालूचा बंदच्या जागी अन् बंदचा चालूच्या. न बसते तर मी तिथंच थांबले असते.

…कसं सांगू… दोन बाह्या कापल्या, अन् दोन्ही एकाच हाताच्या कापल्या. कापड बराबर, माप बराबर, शिलाई बराबर. शिवूनबी झालं. अंगात घातल्याशिवाय कळतच न्हाई.

…हां. तेच. तेच झालं माझं.

…हो, पहिल्यांदा शिकले तवाबी तेच केल्तं. तुमचाच लुगड्यावरचा हिरवा ब्लाऊज व्हता तो. तुमच्या ध्यानात हाय अजून?… तवा तुम्ही तोच घालून हळदीकुंकवाला गेल्या. हो. काही बोलल्या न्हाई मला… आत्याबाई, नका. नका आता तसं बोलू, मला रडू येतं. तुम्ही रागवा, ते बरंय.

…बारा सोळा. कुठं आल्या?

…पुंजाराम काकाचा गोठा? अजून? आत्याबाई, पुढं अजून पाव रस्ता हाय! …न्हाई, न्हाई, तुमच्यावर न्हाई चिडून राह्यले. बसू नका. तेवढं बसू नका फक्त. …पानी नका मागू तिथं, मी हात जोडते. काका घरी हायत का?… न्हाईत. काकू?… ऱ्हाऊ द्या. चला. चाला.

…

…

आत्याबाई, श्वास ऐकू येतोय तुमचा. असाच येऊ द्या.

…मोटरीचा आवाज? कुनाची? कुठून येतो?… ट्रॅक्टर हाय? बघा नीट. …ट्रॅक्टरच हाय ना? …अगं माय. ट्रॅक्टर हाय. बरं. जीव गेला माझा.

…आल्या बांधावर? दिसते का विहीर?… हे दिसतात का?… आतच हायत. चपला काठावर हायत. बरं, आता ऐका, नीट ऐका. विहिरीकडं जायचं न्हाई. आधी पेटीपाशी जा.

…न्हाई, आधी पेटी! तुम्ही तिकडं हाका मारत बसाल अन् तेवढ्यात लाईट येईल. पेटी उघडा, त्यात त्या तीन पांढऱ्या चिनीमातीच्या ग्रिपा हायत, फ्यूजच्या, त्या उपटायच्या. एकदा त्या निघाल्या की माझं मशीन उलटं असू द्या का सुलटं, काही फरक पडत न्हाई. पांढरं धरायचं फक्त. तांब्याला बोट लागू द्यायचं न्हाई.

…कुलूप? पेटीला कुलूप कुनी लावलं?

…वायरी चोरीला चालल्या म्हनून. ह्यांनीच. चावी? चावी कुठं हाय?

…करदोड्याला. त्यांच्याच करदोड्याला.

…दगड? न्हाई, दगड नका घालू, आतली वायर तुटली बिटली तर… थांबा. मला विचार करू द्या. एक मिनट.

पेटीच्या बाहेर ते बटन हाय ना, मी बसवलेलं. लाल. ते कुठल्या बाजूला हाय, खाली का वर?… खाली. म्हंजी बंद केलंय. बंद म्हंजी चालू. आता ते वर करा… म्हंजी वर केलं की बंद व्हईल… करा वर…

न्हाई! थांबा! हात काढा! लावला का हात?… न्हाई ना लावला? नका लावू. वर केलं तरी ते पहिली दोन मिन्टं थांबतं, अन् त्या दोन मिन्टात… थांबलेलंबी उलटंच हाय ना. म्हंजी तवाबी मोटर चालूच. आत्याबाई, त्या बटनाला बिलकुल हात लावू नका. मी सांगितलं तरी लावू नका. माझ्यावर भरवसा ठेवू नका आत्ता.

विहिरीवर जा. काठावर जा, पन वाकू नका. हाक मारा.

…मोठ्यानं… अजून मोठ्यानं… दमल्या तुम्ही, आवाज फुटून न्हाई राह्यला. काय करून राह्यले ते, वर पाहत न्हाई?… बादलीचा आवाज. गाळ उपसतात. ऐकू नसंल येत.

आत्याबाई, फोन कानाचा काढा. त्याच्यावर ते भोंग्याचं चित्र दिसतं का, ते दाबा. दाबलं? …माझा आवाज मोठा आला? मंग आता फोन हातात घट्ट धरा अन् विहिरीवर धरा. पाडू नका. धरला?

ओ! ओ, ऐकता का! वर या! अहो, पाह्यना वर! मी बोलून राह्यले, शीतल! ओ!

…ओ पोरीचे बाबा! …अहो!

आदिनाथ! आदिनाथ! वर ये! सोड ती मोटर! हात काढ अन् वर ये! आदिनाथ!

…

…आले? कुठं आले? …पायऱ्यावर. पान्याच्या बाहेर हायत का? समदे बाहेर? …थांबायचं न्हाई म्हनावं मधी. विचारायचं न्हाई कोन मेलं म्हनून. कोनी मेलं न्हाई. वर या म्हनावं!

…आले वर? काठावर? …तुमच्याजवळ उभे हायत? हात लावून बघा त्यांना… मला ठावं हाय ते उभे हायत, तरीबी लावा.

…हां.

चावी घ्या. आधी चावी. बोलनं नंतर. तुम्ही घ्या करदोड्याची चावी, त्यांचे हात ओले असतील… कुलूप उघडलं? आता काढा. एक… पांढरंच धरलं ना? …दोन… तिसरी निघत न्हाई? हलवून काढा. पदर गुंडाळा हाताला. …निघाली. तिन्ही तुमच्या हातात हायत? मोजा बरं. …तीन.

…

न्हाई, हाय मी. हाय फोनवर. बसले खाली, दुकानातच. कापडाच्या ढिगावर. …बारा तेवीस.

…काय म्हनून राह्यले ते?… हसतात? कशाला?

…हो. घेतलं नाव. उखान्याबाहेर पहिल्यांदाच घेतलं, ते बी अरेतुरेनं, अन् ते बी तुमच्यापुढं. पायजे तर माफी मागते. दुसरं काय करनार व्हते मी, ओ म्हनलं की गावात कोनीबी वर पाहतंय, फक्त हेच पाहत न्हाई.

…हळू कामून बोलून राह्यल्या आत्याबाई? …काय सांगितलं तुम्ही त्यांना? साप? विहिरीत साप दिसला म्हनून बोलवलं? …अन् माझं काय सांगितलं मंग, मी काय फोनमधून साप पाह्यला?

…न्हाई. नका झाकू. मला ठावं हाय तुम्ही कामून झाकून राह्यल्या. राग येईल त्यांना, लॅपटॉप फेकतील… फेकला तर फेकला. पन साप म्हनून सांगितलं तर उद्या ते बटन बंद करून परत उतरतील. द्या त्यांच्याकडं फोन… द्या म्हनते ना. मीच सांगते. चूक माझी हाय, ती माझ्याच तोंडून जाऊ द्या.

…

हॅलो. …हां, मीच. …अहो, साप बिप काही न्हाई. ऐका. मधी बोलू नका. तो बोर्ड उलटा छापला गेला माझ्या हातून. बटन बंद केलं की मोटर चालू व्हते. लाईट आली असती तर… लाईट आली असती तर तुम्ही पान्यात व्हते.

…हो.

…हो, मीच म्हनले व्हते. ध्यानात हाय मला. शब्दन् शब्द ध्यानात हाय. "आता ग्रिपा काढायची गरज न्हाई, हे बटन दाबलं की झालं." पेटीवर हात ठेवून म्हनले व्हते, मोठ्या रुबाबात. तुम्ही पहिले कवाच ग्रिपा काढल्याशिवाय उतरले न्हाई. मी सांगितलं म्हनून उतरले.

…शिव्या द्या.

…काय?… वायर बदलायची? हो, तसं व्हईल. ह्या स्क्रूची त्या स्क्रूला लावली की सुलटं व्हईल… न्हाई. न्हाई, तुम्ही न्हाई करायची. फोनवर न्हाई. मी आल्याशिवाय त्या पेटीतल्या एकाबी स्क्रूला हात लावायचा न्हाई. …ठावं हाय मला, नऊ दिवस झाले अद्रकीला पानी न्हाई. पिवळी पडली तर पडू द्या. …मी सांगून राह्यले ना! मी केलंय ते, मला ठावं हाय त्यात काय काय चुकू शकतं. अन् काय काय चुकलंय ते अजून मलाबी समदं ठावं न्हाई.

…हां. येते. आत्ता निघते. जाफराबादहून जीप भेटंल भोकरदनला, तिथून पाहते. पोरीला शेजारी सांगून येते. बल्ब घेऊन येते, मीटर घेऊन येते.

…काय झालं? कसला आवाज?… कुनाची मोटर?… भारतभावजींची. ऑटोवर ठेवून गेले असतील. म्हंजी… आली लाईट? …आली. …किती वाजले तिकडं? …बारा सत्तावीस. साडेबारा म्हनला व्हता तो.

…आपली बंद हाय ना? …हो, ग्रिपा न्हाईत, कशी चालू व्हनार. तरीबी पाहा ना, कान लावून. …बंद हाय. बरं.

…काय म्हनले? परत बोला… मंगळवारीबी उतरल्ते?

…मंगळवारी. बटन बंद करून. कितीक वेळ?… दीड घंटा. अन् परवा?… परवाबी.

…"काही झालं का मंग." असं म्हनू नका हो. लाईट नव्हती म्हनून काही झालं न्हाई. डीपी जळाली व्हती म्हनून. मंगळवारी ती बसली असती तर… मी मंगळवारी हितं बसून तुमचा मिसकॉल पाहून पोरीसंगं हसत व्हते. अन् दुसरा बोर्ड छापत व्हते. तसाच. उलटा.

…न्हाई. रडून न्हाई राह्यले. …रडतीय. तुम्ही बोला. काहीबी बोला. गाळ किती निघाला ते सांगा. …हां. …हां. अजून किती फूट हाय? …हां.

…लॅपटॉप? काय लॅपटॉपचं?… विकू नको? मी कुठं म्हनले विकते म्हनून?… मनात आल्तं. तुम्हाला कसं कळलं?… न्हाई विकत. पन पुढचा बोर्ड विहिरीवर येनार न्हाई लगेच. आधी बल्बावर चालंल, महिनाभर, हितं दुकानात, माझ्या डोळ्यापुढं. मंग मी सोता घेऊन येईन, अन् तुम्ही काठावरबी उभं राहायचं न्हाई तवा.

…बरं, ग्रिपा कुठं हायत आत्ता?… आत्याबाईच्या ओटीत? देऊन न्हाई राह्यल्या तुम्हाला? …बरंच झालं. द्या त्यांच्याकडं फोन, मला एवढंच सांगायचंय, मंग निघते, जीप भरत आली असंल.

…आत्याबाई… हो, येऊन राह्यले… हो, हळूच येईन. ऐका. त्या ग्रिपा कोनाला द्यायच्या न्हाईत. लेकाला न्हाई, भारतभावजी आले तरी त्यांना न्हाई, लाइनमन आला तरी न्हाई.

…मी आले तर?

…मलाबी न्हाई. मी किती म्हनले का झालं, झालं, तरी न्हाई. आधी बल्ब लावून दाखव म्हनायचं. बटन बंद केल्यावर बल्ब विझला, अन् तो तुम्ही तुमच्या डोळ्यांनी पाह्यला, की मंगच द्यायच्या.

…हां. ठेवते.